कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये काय पाहावे?

प्रश्न : ब्रोकर रोज ई-मेलने कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो. ती उघडून बघायलाच हवी का?

उत्तर : हवीच. सौदा झाल्यापासून 24 तासांत ती देणे ब्रोकरवर बंधनकारक आहे. आधी ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर आणि वेळ पाहा. तुम्ही न सांगितलेला सौदा इथेच सापडतो. मग खर्च. दलाली वेगळी दाखवलेली असावी. डिलिव्हरीसाठी 1 लाखाचे शेअर घेतलेत तर एसटीटी (शेअर व्यवहारावरील कर) 100 रुपये, मुद्रांक शुल्क 15 रुपये. मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर. विक्रीच्या नोटेत दिसले तर लगेच विचारा. जीएसटी दलालीवर आणि एक्स्चेंजच्या शुल्कावर लागतो, शेअरच्या किमतीवर नाही. शंका आली तर ब्रोकरला फोन नको, लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर सेबीचे ‘स्कोअर्स’ हे तक्रार पोर्टल आहेच.