लोककथेचा प्रदेश आणि शोकाचे कथन : 'टेल्स ऑफ केन्झेरा : झाऊ'

लोकसाहित्यातील एखादे पात्र नव्या माध्यमात अवतरले, की त्याचे मूळ स्थान शोधण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. ही पद्धती आवश्यक आहे. परंतु ती पुरेशी आहे काय, असा प्रश्न काही कलाकृती उपस्थित करतात. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला 'टेल्स ऑफ केन्झेरा : झाऊ' हा व्हिडिओ गेम त्यांपैकी एक होय. केनियन वंशाचे ब्रिटिश अभिनेते अबूबकर सलीम यांनी स्थापन केलेल्या सर्जंट स्टुडिओजची ही निर्मिती. वडिलांचा मृत्यू आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथा या तिच्यामागील प्रेरणा असल्याचे सलीम यांनी जाहीरपणे सांगितले आहे. मृत्यू, आत्मे आणि मंत्रसामर्थ्य यांनी भरलेल्या या काळोख्या अद्भुतकथेचे पूर्व आफ्रिकीपण नेमके कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथेची रचना चौकटकथेची आहे. झुबेरी या तरुणाचे वडील निवर्तले आहेत. त्यांनी मागे ठेवलेले पुस्तक तो वाचू लागतो. त्या पुस्तकाचा नायक झाऊ हाही पितृवियोगाने व्याकुळ आहे. तो मांत्रिक-वैद्याच्या परंपरेतील असून मृत्युदेव कालुंगाशी करार करतो : तीन महान आत्मे स्वाधीन करावेत, मोबदल्यात 'बाबा' परत मिळावेत. स्वाहिलीतील हा शब्द मराठी वाचकास भाषांतराविना कळतो, हा एक हृद्य योगायोग.

आता पात्रांचे मूळ पाहू गेल्यास अनपेक्षित चित्र दिसते. वीजपक्षी इम्पुंडुलू हा झुलू, खोसा आदी दक्षिण आफ्रिकी समाजांच्या कथांतील आहे. गागोरिब खोइखोइ लोकांचा. खड्ड्याच्या काठी बसून वाटसरूंना स्वतःवर दगड मारण्याचे आव्हान देणारा, आणि उलटून आलेल्या दगडाने त्यांनाच खड्ड्यात लोटणारा. किकियाऑन पश्चिम आफ्रिकेतील आहे. 'कालुंगा' ही संज्ञा मध्य आफ्रिकेतील कोंगो परंपरेत जिवंत व मृत यांच्या जगांमधील सीमारेषा दर्शविते. म्हणजे केवळ कल्पनाबंधांची यादी केली, तर या गेमला पूर्व आफ्रिकी म्हणणे कठीण. दूरदूरच्या समाजांतील आकृती एकाच नकाशावर आणल्याने 'आफ्रिका' नावाची एकजिनसी वस्तू निर्माण होण्याचा धोकाही आहे, आणि तो नजरेआड करता येत नाही.

तथापि कल्पनाबंधांखालील मृत्युविषयक धारणा पाहिली, की निष्कर्ष बदलतो. केनियन विचारवंत जॉन म्बिती यांनी 'आफ्रिकन रिलिजन्स अँड फिलॉसॉफी' (१९६९) या ग्रंथात 'सासा' आणि 'झमानी' हे दोन स्वाहिली शब्द काळाच्या विवेचनासाठी योजले. सासा हा निकटचा, अनुभवातील काळ. झमानी हा सर्व काही सामावून घेणारा दूरचा भूतकाळ. मृत व्यक्तीला नावाने ओळखणारे कोणी हयात आहे तोवर ती सासामध्येच राहते. म्बिती अशा मृतांना 'जिवंत मृत' म्हणतात. अखेरचा ओळखणारा गेला, की ती झमानीत विलीन होते. साऱ्या आफ्रिकेला एकच काळकल्पना लागू केल्याबद्दल या मांडणीवर टीका झाली आहे. परंतु येथे ती उपयुक्त ठरते. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह यांचाच नामोच्चार करण्याची रूढी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागील तर्क अपरिचित वाटणार नाही.

या दृष्टीने पाहता झाऊची चूक स्पष्ट होते. सासामध्ये असलेल्या पित्याला तो देहाने परत मागतो. म्हणूनच कथेचा ओघ पुनर्प्राप्तीकडून स्वीकाराकडे वळतो. सावित्रीच्या आख्यानात मृत्यूशी केलेला संवाद पतीचे प्राण परत मिळवितो. येथे तोच संवाद वियोग सोसण्याचे शिक्षण ठरतो. पुस्तक लिहून ठेवणारे वडील मुलाला वारसा म्हणून आठवण्याची रीत देतात.

गेमच्या घडणीतही हा आशय उतरला आहे. सूर्य आणि चंद्र यांचे दोन मुखवटे झाऊला पित्याकडून लाभले आहेत. लढताना तो ते आलटूनपालटून धारण करतो. म्हणजे प्रत्येक कृतीत पित्याची उपस्थिती आहे. नवे सामर्थ्य लाभताच पूर्वी बंद असलेली वाट खुली होते. एकदा ओलांडलेल्या भूमीकडे नव्या जाणिवेने परतावे लागणे, ही शोकाचीच गती होय. बाओबाब, म्हणजे मराठीतील गोरखचिंच, या वृक्षाखाली झाऊ थांबतो, मनातील दुःख बोलतो आणि त्यानंतर त्याची जीवनशक्ती वाढते. शोक व्यक्त करणे हे येथे दुर्बलतेचे नव्हे, तर बळाचे कारण आहे. वारंवार येणाऱ्या लढायांच्या गदारोळात हे क्षण काहीसे झाकोळतात, ही या कलाकृतीची मर्यादा.

मौखिक परंपरेशी तिचे नाते आणखी एका ठिकाणी जुळते. स्वाहिली कथनकार 'पाउक्वा' म्हणतो, श्रोते 'पाकावा' असे उत्तर देतात आणि मगच कथा सुरू होते. श्रोत्याच्या प्रतिसादाविना कथा नाही. गेममध्ये हा प्रतिसाद खेळणाऱ्याच्या हातून घडतो. तो थांबला, की कथाही थांबते. हा गेम स्वाहिली संवादांतही उपलब्ध असल्याने ते नाते ध्वनीच्या पातळीवरही टिकते.

सारांश, लोककथेचा प्रदेश केवळ तिच्यातील आकृतींच्या मूळ गावांवरून ठरत नाही. मृत आणि जिवंत, सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील नाते कोणत्या समाजाने घडविले, यावरूनही तो ठरतो. कल्पनाबंधांची सूची ही अभ्यासाची पहिली पायरी होय. तिच्यावरच थांबल्यास झाऊ अनेक प्रदेशांच्या तुकड्यांचा संग्रह वाटेल, आणि त्याच्या कथेला धरून ठेवणारा पित्याचा आवाज ऐकू येणार नाही.