धनुष्याची टोकं पुन्हा सरळ का होतात?

प्रश्न : धामणीच्या धनुष्याची टोकं वाफेवर पुढे वाकवली. दोर चढवल्यावर आठवड्यात बाक निघून गेला. वाफ कमी पडली का?
– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

उत्तर : दोष वाफेचा कमी, घाईचा जास्त. उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं. थंड झाल्यावर बाक बसल्यासारखा दिसतो, पण आत ओल असेपर्यंत त्याची पकड कच्चीच असते आणि दोर तर टोकांना नेमका उलट्या दिशेला ओढतो. इंचभर जाडीला तासभर वाफ हा जुना हिशेब. अर्ध्या इंचाच्या टोकाला अर्धा तास पुरे. जास्त शिजवून लाकूड दुबळंच होतं.

यावर कोणी म्हणेल, बांबू निखाऱ्यावर धरला की लगेच बाक धरतो, मग धामणीचंच काय अडलं? पण कोरडी धग वाकवतानाच ओलही घालवते, शिवाय बांबूची चीप पातळ. म्हणजे हे उदाहरण वाळवण्याच्याच बाजूचं आहे. तेव्हा टोक साच्यावर आवळून सावलीतच ठेवा (इथल्या मे महिन्याच्या उन्हात चिरा पडतील) आणि अधूनमधून साच्यासकट वजन करा. वजन घटायचं थांबलं की मगच सोडा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. वाफवलेलं लाकूड दबतं भरपूर, ताणलं मात्र फार थोडं जातं. म्हणून वाकवताना तुमच्याकडच्या, म्हणजे पोटाच्या बाजूला पातळ लोखंडी पट्टी घट्ट बांधा, नाहीतर तिथलेच तंतू उचकटतील. भट्टीत वाळवलेली फळी या कामाला घेऊ नका.