मोटारसायकलचे वायरिंग : दोष शोधण्याची रीत

मोटारसायकलचे हँडल, टाकी, सीट आणि दिवे आपल्या पसंतीने बदलून घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही जुनी बुलेट विकत घेऊन तिला नवे रूप देणारे तरुण दिसतात. रंगावर, क्रोमवर आणि सायलेन्सरवर पैसा खर्च होतो. वायरिंग मात्र टाकीखाली आणि सीटखाली दडलेले असते. ते कोणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून त्याकडे लक्षही जात नाही. पुढे भर पावसात, रात्रीच्या वेळी घाटात दिवा गेला म्हणजे त्याची आठवण होते. अशा बदललेल्या गाडीच्या वायरिंगमधील दोष कसा शोधावा, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. संध्याकाळी मी एका गॅरेजात हाताखाली काम करतो, हे एक कारण. दुसरे कारण तर्कशास्त्राचे आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या आहेत. त्यांपैकी व्यतिरेक पद्धती अशी : बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवावी, एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. गॅरेजात पुष्कळदा याच्या उलट घडते. बल्ब, बॅटरी आणि रेक्टिफायर एकदम बदलले जातात. दिवा लागला तरी तो कशाने लागला हे कोणालाच कळत नाही, आणि महिन्याभराने गाडी पुन्हा दारात येते.

दोष शोधण्यापूर्वी वीज कशी फिरते हे ध्यानात घेतले पाहिजे. बॅटरीच्या धन टोकापासून प्रवाह निघतो, फ्यूज आणि स्विच यांतून दिव्यापर्यंत येतो आणि तेथून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जातो. ही फेरी पूर्ण झाली तरच दिवा लागतो. जाण्याची वाट रंगीत वायरींची असते, म्हणून ती दिसते. परतीची वाट बहुतेक गाड्यांत चेसिसच्या लोखंडातूनच असते. तिलाच आपण अर्थिंग म्हणतो. गाडीला नवे रूप देताना चेसिस खरवडून तिच्यावर नवा रंग किंवा पावडर कोटिंग चढवतात. रंगातून वीज जात नाही. अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळला, की जाण्याची वाट उत्तम असूनही परतीची वाट अडते.

एक उदाहरण देतो. एका तरुणाने आपली बुलेट अशीच नव्याने रंगवून घेतली होती. पहाटे अंधारात तो डेअरीवर दूध घेऊन जात असे. दिवसा गाडीत काही खोट दिसत नव्हती. पण अंधारात हेडलाईट पिवळट लागे आणि हॉर्न दाबला की आणखी मंद होई. त्याने आधी बल्ब, मग बॅटरी आणि शेवटी रेक्टिफायर बदलून घेतला. तीन वस्तूंचे पैसे गेले. दिवा होता तसाच राहिला. नंतर हेडलाईट लावून मीटरने मोजणी केली. बॅटरीच्या दोन टोकांत १२.४ व्होल्ट होते, पण बल्बच्या दोन टोकांत १०.२ व्होल्टच भरले. बॅटरीच्या धन टोकापासून बल्बपर्यंत ०.२ व्होल्ट खर्च होत होते. बल्बच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मात्र २ व्होल्ट जात होते. हिशेब पुरा जुळला. स्क्रू काढला, त्याखालचा रंग कानशीने खरवडून लोखंड उघडे केले, तेव्हा दिवा पांढरा झाला. खर्च काहीच आला नाही.

गेऑर्ग ओहम याने १८२७ मध्ये मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्या वाटेवर फक्त ०.४ ओहमचा रोध आला, तरी सुमारे २ व्होल्ट वाया जातात. ते नाहीसे होत नाहीत. त्या जोडात सुमारे १० वॅट उष्णता तयार होते. गंजलेला किंवा सैल जोड याच उष्णतेने तापतो, त्यावरचे प्लॅस्टिक वितळते, आणि तो जोड पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीखालीच असतो. मंद दिवा ही केवळ गैरसोय नसून पुढच्या धोक्याची सूचना असते, ती अशी.

तपासणीची रीत सोपी आहे. दिवा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या अर्थिंगला लावावे. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. त्याहून बराच जास्त असेल तर दोष परतीच्या वाटेत आहे. तीच तपासणी धन बाजूनेही करावी. जेथे दाब हरवतो ती बाजू निश्चित झाली, की त्या वाटेच्या मध्यावर मोजावे. अशा रीतीने दर वेळी अर्धी वाट निर्दोष ठरत जाते आणि चार-पाच मोजण्यांत दोषाचा जोड हाती येतो.

बदललेल्या गाड्यांतील काही दोष नेहमीचे आहेत. डावा इंडिकेटर लावताच मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला, तर मागच्या दिव्यांचे अर्थिंग तुटले आहे असे समजावे. परतीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. हँडल वळवले की इंजिन बंद पडत असेल किंवा दिवा जात असेल, तर हँडलच्या मानेजवळच्या वायरी पाहाव्यात. तेथे दर वळणाला वायर वाकते; वरचे आवरण शाबूत राहते आणि आतली तांब्याची तार तुटते. जुन्या बुलेटच्या हेडलाईटवरील डब्यात अँपिअर मीटर असतो. तो डबा काढून गोल दिवा बसवताना मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना नीट जोडाव्या लागतात, कारण गाडीचा मुख्य प्रवाह त्या मीटरमधूनच जातो.

एल.ई.डी. इंडिकेटर बसवल्यावर चारही दिवे एकदम उघडझाप करतात, ही तक्रारही नेहमी येते. काही गाड्यांत समोरचा एकच सूचक बल्ब डाव्या आणि उजव्या बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे जाणारा थोडासा प्रवाह साध्या बल्बला पेटवू शकत नाही, एल.ई.डी.ला मात्र तो पुरतो. दोन्ही बाजूंच्या वायरी एकेका डायोडमधून सूचक दिव्याला आणाव्यात आणि त्याचे दुसरे टोक अर्थिंगला जोडावे. मग ही अडचण दूर होते.

फ्यूज उडाला तर त्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची वाईट सवय अजून आढळते. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर कोठेतरी वायर घासून चेसिसला टेकली आहे. मोठा फ्यूज घातल्याने हा दोष जात नाही. फ्यूजऐवजी वायर जळते, एवढेच.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर किल्ली बंद करून ऋण वायर काढावी आणि बॅटरी व ती वायर यांच्या मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडावा. या वेळी किल्ली किंवा स्टार्टर मुळीच लावू नये. समजा, ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे. दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, तर ९ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढल्यावर आकडा पडतो, त्या वाटेत गळती आहे. मिलची व्यतिरेक पद्धती येथे जशीच्या तशी वापरता येते. चार्जिंग पाहायचे असेल तर इंजिनचा वेग वाढवून बॅटरीवर मोजावे. १३.५ ते १४.५ व्होल्ट हे सर्वसाधारण माप होय. १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे असे समजावे, नाहीतर बॅटरी उकळून खराब होते.

दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणा असलेल्या नव्या गाड्यांत बल्बचा टेस्ट लॅम्प वाटेल त्या वायरीला लावू नये, मीटरच वापरावा. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्यामुळे हौस कायद्याच्या चौकटीतच भागवावी.

साध्या मीटरची किंमत एका नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी असते. ज्या विद्यार्थी मित्रांकडे गाडी आहे, त्यांनी एखाद्या रविवारी हेडलाईट लावून अर्थिंगची मोजणी तेवढी करून पाहावी आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढे दिवा मंद झाला, तर वस्तू विकत घेण्याआधी तोच आकडा पुन्हा पाहावा. एवढे जरी कोणी केले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.