बिगारी आणि गवंडी यांच्यामधली पायरी

बांधकामाच्या जागेवर श्रमाची जी उतरंड असते तिच्या तळाशी बिगारी, म्हणजे माल वाहणारा, खोदणारा आणि मसाला कालवणारा मजूर असतो, तर त्याच्या वर गवंडी, सुतार, प्लंबर आणि सळया वाकवून बांधणारा फिटर असे कारागीर असतात. परंतु खालच्या थरातील माणसाने किती काळाने आणि काय शिकून वर जावे हे कोठेही लिहिलेले नसल्यामुळे ही बढती बहुधा मिस्त्रीच्या, म्हणजे टोळीतील अनुभवी कारागिराच्या मर्जीवर अवलंबून राहते. तरुणांना या क्षेत्रात उभे करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही अलिखित व्यवस्था आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती न समजता दिलेले प्रशिक्षण हेतू चांगला असूनही वाया जाते.

प्रस्तुत लेखकाला हे उशिरा कळले. मराठवाड्यातील तरुणांसाठी चालवलेल्या एका अल्पमुदतीच्या वर्गात त्याने वीटकाम आणि गिलावा शिकवला, थापी व ओळंबा (भिंत उभ्या रेषेत आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला टांगलेले वजन) यांवर मुलांचा हात बसला, आणि प्रमाणपत्रे घेऊन ती पुण्यातील एका बहुमजली इमारतीच्या कामावर गेली. तेथे विटेची भिंतच नव्हती. मुख्य भिंती आणि स्लॅब अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून एकत्र घडवले जात होते, आणि ज्या थोड्या आडभिंती होत्या त्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असून त्यांचे सांधे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चिकट मसाल्याने भरले जात, त्यामुळे वीटकामातील सुमारे १० मिलिमीटरच्या सांध्याला सरावलेला हात तेथे उपयोगी पडेना. मुकादमाने, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या व त्यांची हजेरी ठेवणाऱ्या माणसाने, मुलांना साचे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवण्याच्या कामाला लावले आणि काही महिन्यांत त्यांतील बहुतेक जण गावी परतले. वर्ग आखण्यापूर्वी मुले जेथे जाणार ते काम प्रशिक्षकाने पाहिलेच नव्हते. दोष पूर्णपणे त्याचा होता.

यातून निघणारा पहिला नियम असा की अभ्यासक्रम कामाच्या जागेवरून ठरवावा, आणि बांधकामाची पद्धत बदलली तरी जे बदलत नाही ते, म्हणजे नकाशा वाचणे व माप काढणे, सर्वांत आधी शिकवावे. उदाहरणार्थ, सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले की तिचे दर मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते; १२ मिलिमीटरच्या सळईसाठी ते सुमारे ०.८९ किलोग्रॅम येते. हा हिशेब ज्याला येतो तो आलेला माल मोजून घेऊ शकतो, म्हणून त्याची गरज सळया वाहणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही. त्याचप्रमाणे काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सात दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत, हे ज्याला ठाऊक आहे तो घाईच्या आदेशाला कारण देऊन थांबवू शकतो. दीड मीटरहून खोल चर आधार दिल्याशिवाय किंवा बाजूंना पुरेसा उतार ठेवल्याशिवाय मातीत खणू नये, हा नियमही पहिल्याच आठवड्यात शिकवला पाहिजे, कारण चराच्या तळाशी प्रथम उतरवला जातो तो नवखा बिगारीच.

दुसरा नियम असा की लहान वर्गाला लांबची वाट जोडलेली असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबर, वेल्डर किंवा गवंडीकाम यांसारखे एक वर्षाचे, तर स्थापत्य आरेखक, म्हणजे इमारतीचे नकाशे काढणारा, किंवा वीजतंत्री यांसारखे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने अशी सोय केली आहे की तरुणाने नोंदणीकृत करारानुसार प्रत्यक्ष कामावर राहून विद्यावेतन घेत शिकावे. जे आधीच काही वर्षे काम करत आहेत त्यांना पुन्हा वर्गात बसवण्याऐवजी त्यांच्या पूर्वकौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धतही उपलब्ध आहे.

तिसरा नियम कागदाचा आहे आणि त्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळांची व्यवस्था निर्माण केली, त्यांच्यासाठी बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जाऊ लागला, आणि १८ ते ६० वर्षे वयाच्या ज्या कामगाराने मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केले आहे त्याला नोंदणीचा हक्क मिळाला. तथापि हे ९० दिवस सिद्ध करावे लागतात. गावी परतलेल्या त्या मुलांपैकी काहींनी त्याहून अधिक दिवस घाम गाळला होता, पण हजेरी मुकादमाच्या वहीत होती आणि वही त्यांच्या हाती कधीच आली नाही. घरून निघताना घेतलेली उचल, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, हीही त्याच वहीत असल्यामुळे किती फिटली हे त्यांना सांगता येईना.

म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना, गुत्तेदारांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलाच्या हाती थापी देताना मोजपट्टी आणि स्वतःच्या हजेरीची वहीही द्यावी, आणि तो कामावर गेल्यानंतर किमान वर्षभर त्याची विचारपूस थांबवू नये. कामावर निघालेल्या तरुणानेही दररोज संध्याकाळी दिवस, काम आणि मजुरी यांची एक ओळ लिहून त्यावर आठवड्याला मुकादमाची सही घ्यावी. बिगारी आणि गवंडी यांच्यामधली जी पायरी कोणी बांधून ठेवलेली नाही, ती अशाच नोंदींनी बांधावी लागते.