वानर की माकड?



दौलताबादचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. कोणी शाळेच्या सहलीत पाहिला असेल, कोणी वेरूळला जाताना बसच्या खिडकीतून. 'आम्ही पाहिलेला किल्ला' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर तुम्ही काय लिहाल? चांदमिनार, खंदक, अंधारी, मेंढा तोफ. आणि शेवटी एक वाक्य : 'किल्ल्यावर खूप माकडे होती.' हे वाक्य मी दरवर्षी कितीतरी वह्यांत वाचते.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या एका मुलाने मात्र 'किल्ल्यावर खूप वानरे होती' असे लिहिले. मी लाल शाईने 'वानरे' खोडले आणि वर 'माकडे' लिहिले. वानर हा शब्द जुन्या कथांतला, सहलीच्या निबंधात तो कशाला, असे मला वाटले. मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, वो माकड नैं, वानर है. मूँ काला रहता उनका."

त्याचे वडील सीताफळाच्या बागेची राखण करीत. सीताफळे पिकू लागली की टोळी बागेत उतरते. मग "वानरं आली, वानरं आली!" अशी मजुरांची ओरड होते. मुलाने तो शब्द तिथे ऐकला होता. मी त्याला म्हणाले, "जागेवर बस. पुस्तकात माकडच आहे."

चूक त्याची नव्हती, माझी होती. मराठीत लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. आपल्या उर्दूतही हा फरक आहेच : एक बंदर, दुसरा लंगूर. दौलताबादच्या तटावर बसलेली ती वानरे. त्यांची शेपूट अंगापेक्षा लांब असते. ती मुख्यतः झाडपाल्यावर जगतात आणि पाला पचावा म्हणून त्यांच्या पोटात कप्पे असतात. नवे पिल्लू काळपट रंगाचे असते. टोळीतल्या माद्या ते एकमेकींकडे देत सांभाळतात, जशा लग्नघरात खाला आणि फुफी बाळाला आळीपाळीने घेतात तशाच. टोळीच्या मोठ्या नराला हुप्प्या म्हणतात. 'हुप्प, हुप्प' असा त्याचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल.

माझी चूक मला एका पुस्तकामुळे कळली. त्याचे नाव 'सत्तांतर'. लेखक व्यंकटेश माडगूळकर. सत्तांतर म्हणजे सत्ता एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणे. नाव वाचून मला वाटले, हे राजकारणाचे पुस्तक असेल. उघडले, तर त्यात वानरांची टोळी! ही कादंबरी १९८२ साली निघाली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

साहित्य अकादमी ही १९५४ साली स्थापन झालेली आपल्या देशाची संस्था आहे. आज ती २४ भाषांतील पुस्तकांना दरवर्षी पुरस्कार देते. त्यांत मराठी आहे, तशी उर्दूही आहे. लेखकाला १ लाख रुपये आणि ताम्रपट मिळतो. काही देशांत निसर्गावरील पुस्तकांसाठी निराळे पुरस्कार आहेत. अमेरिकेत १९२६ पासून जॉन बरोज पदक दिले जाते. रेचेल कार्सन यांना समुद्रावरील पुस्तकासाठी १९५२ साली ते मिळाले. परंतु साहित्य अकादमीचा पुरस्कार केवळ निसर्गासाठी नाही. तो कथा, कविता, समीक्षा सर्वांसाठी आहे. त्या सर्वांत वानरांची कादंबरी निवडली गेली, हे मला फार मोठे वाटते.

माडगूळकरांचा जन्म १९२७ साली सांगली जिल्ह्यातील माडगूळ या गावी झाला. पुण्याच्या आकाशवाणीवर त्यांनी पुष्कळ वर्षे नोकरी केली. ते चित्रेही उत्तम काढीत. चित्र काढणाऱ्याला नुसते 'झाड' दिसून चालत नाही. फांदी कुठे वाकली, तेही पाहावे लागते. तरुणपणी ते शिकार करीत. पुढे बंदूक सुटली आणि पाहणे राहिले.

'सत्तांतर'मधील वानरे जुन्या गोष्टींतल्याप्रमाणे माणसाला उपदेश करीत नाहीत. ती वानरांसारखीच जगतात. टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो. बाकीचे नर बाहेर फिरत असतात आणि संधी मिळताच त्याच्यावर चाल करून येतात. जुना नर हरला, तर नवा नर कधी कधी टोळीतली तान्ही पिल्ले मारतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण हे खरे आहे. १९६० च्या दशकात जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी आपल्या शेजारच्या धारवाड भागात वानरांच्या टोळ्यांमध्ये हे पाहिले आणि नोंदवून ठेवले. माद्या गप्प बसत नाहीत. पिल्लाला वाचवण्यासाठी त्या एकत्र येऊन नरावर धावून जातात.

किल्ल्याच्या इतिहासात आपण काय पाठ करतो? यादव गेले, खलजी आले. मग तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम. प्रत्येकाची सनावळी आपल्याला येते. त्याच तटावर वानरांच्या टोळ्यांतही सत्ता बदलत आली, तिची नोंद कोणी ठेवली नाही.

प्राण्यांविषयी मात्र एक जुनी नोंद आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. येथील द्राक्षे आणि डाळिंबे त्याला आवडली. किल्ल्याच्या तळघरात मांजराहून मोठे उंदीर आपण पाहिले आणि मांजरे त्यांना घाबरून पळतात, असे त्याने अरबीत सांगून ठेवले आहे. हे वाचून मुले हसतात. मला वाटते, ती घूस असावी. मराठीत घूस, उर्दूत घूंस. रात्री गोदामात तिला पाहिलेला माणूस हसणार नाही!

नेमका शब्द हवा, तर त्या जागी राहणाऱ्या माणसाला विचारावे. मारुती चितमपल्ली यांनी जन्मभर हेच केले. त्यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. त्या शहराच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषा कानावर पडतात. पुढे ते वनखात्यात अधिकारी झाले. जंगलातील लोक पक्ष्यांना, झाडांना काय म्हणतात, ते ऐकून लिहून ठेवू लागले. त्यांतून 'रानवाटा'सारखी पुस्तके आणि 'पक्षिकोश' तयार झाला. शब्द नव्हता, तिथे त्यांनी नवा केला. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी 'काकागार' म्हटले. आगार म्हणजे राहण्याची किंवा साठवण्याची जागा. एस.टी.चे आगार तुम्हाला ठाऊक आहे, तसे हे कावळ्यांचे! २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते वारले.

तो मुलगा आठवीनंतर दुसऱ्या गावी गेला. त्याच्या वहीवरची माझी लाल रेघ तशीच राहिली. आता सीताफळांच्या दिवसांत मी वर्गात एक कोरी वही ठेवते. बागेत, शेतात, बाजारात ऐकलेला शब्द ज्याने त्याने तिच्यात लिहायचा, आणि तो कोणाकडून ऐकला तेही. पहिल्या पानावर पहिला शब्द मी लिहिला आहे : वानर. पुढे लिहिले आहे : आठवीच्या एका विद्यार्थ्याकडून.

शब्दार्थ

टोळी – गिरोह. राखण – रखवाली. तट – फसील. खंदक – खंदक (उर्दूतही हाच शब्द). सत्तांतर – इक्तिदार की तब्दीली. ताम्रपट – तांब्याचा पत्रा, त्यावर मजकूर कोरलेला असतो. अंगावर काटा येणे – रोंगटे खडे होना.

स्वाध्याय

१. शिक्षिकेने 'वानरे' हा शब्द का खोडला? मुलाला तो कोठे मिळाला होता?

२. 'सत्तांतर' हे नाव वानरांच्या कादंबरीला का शोभते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. माकड आणि वानर यांतील फरक तुमच्या लहान भावाला समजेल अशा मराठीत सांगा.

४. तुमच्या घराजवळच्या एका प्राण्याकडे किंवा पक्ष्याकडे १५ मिनिटे पाहा. जे दिसले तेवढेच लिहा. त्याचे मराठी नाव पुस्तकात न शोधता शेजारी कोणाला तरी विचारा.