अर्धा पेटलेला ग्रो लाइट

घरातल्या रॅकवर टांगल्या जाणाऱ्या एलईडी ग्रो लाइटचे भाग मोजकेच असतात: अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या चिप्स, पट्टीमागचे हीट सिंक आणि 230 व्होल्टचा घरगुती पुरवठा चिप्सना सोसेल असा करून देणारा ड्रायव्हर. चिप्स माळांमध्ये जोडलेल्या असतात. एका माळेतल्या चिप्सची जोडणी एकसर, तर माळांची एकमेकींशी समांतर. दिवाळीच्या तोरणातला एक बल्ब गेला की त्याची सगळी रांग विझते, तसेच इथेही होते. फरक ड्रायव्हरचा आहे. तो ठरावीक व्होल्टेज देत नाही, ठरावीक करंट देतो. एक माळ विझली तरी तो तेवढाच करंट पुढे ढकलत राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी मेथी आणि मोहरीच्या मायक्रोग्रीन्सवर लावलेल्या 80 वॉटच्या दिव्यात प्रत्येकी 18 चिप्सच्या तीन माळा होत्या. ड्रायव्हरचा करंट 1.5 अँपिअर, म्हणजे माळेमागे 0.5 अँपिअर. त्यातली एक माळ विझली. उरलेल्या दोन पूर्वीपेक्षा प्रखर दिसू लागल्या, रोपेही वाढत होती, म्हणून दिवा तसाच चालू राहिला. ही पहिली चूक. तो प्रखरपणा दोन माळांवर लादल्या गेलेल्या 0.75 अँपिअरचा होता.

दुसरी चूक दुरुस्तीतच झाली. काळा ठिपका पडलेली चिप सापडली, आणि नवी मिळेपर्यंत तिची दोन टोके तारेने जोडून दिली गेली. तिन्ही माळा पेटल्या. पण एका चिपला साधारण 3 व्होल्ट लागतात, त्यामुळे बाकीच्या माळांना 54 व्होल्ट लागत असताना या माळेचे 51 व्होल्टवर भागू लागले. समांतर जोडणीत कमी व्होल्टेजवर भागणारी माळ करंटचा मोठा वाटा ओढते. तीच सर्वांत जास्त तापली आणि तिच्यातली आणखी एक चिप गेली. मग आधीच ताण सोसलेल्या दोन माळांपैकी एक, आणि शेवटी एकटीवर 1.5 अँपिअर आल्यावर तिसरी. महिनाभरात दिवा पूर्ण काळोखा झाला. एका चिपच्या बिघाडाची किंमत अख्ख्या पट्टीने मोजली.

म्हणून एक माळ विझताच दिवा बंद करावा. चिप लगेच मिळत नसेल आणि तारेने जोडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर प्रत्येक माळेतली त्याच रंगाची एकेक चिप तशीच जोडून सर्व माळा सारख्या कराव्यात, आणि नवे व्होल्टेज ड्रायव्हरवर छापलेल्या मर्यादेत बसते का ते पाहावे. लाल चिपला सुमारे 2 व्होल्टच लागतात, तेव्हा पांढरीच्या जागी लाल बसवली तरी तोल बिघडतो.

दिवा उघडण्यापूर्वी प्लग काढणे पुरेसे नाही. ड्रायव्हरमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टच्या आसपास विद्युतभार साठलेला असू शकतो. काही मिनिटे थांबून मल्टिमीटरने तो मोजावा, आणि उरला असल्यास 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर वेष्टित पकडीने काही सेकंद टोकांना लावावा. स्वस्त दिव्यांतले काही ड्रायव्हर मुख्य पुरवठ्यापासून विलग नसतात. तिथे पेटत्या पट्टीला हात लावणे म्हणजे घरच्या वायरिंगलाच हात लावणे. ज्याला हे मोजता येत नाही त्याने दिवा जाणकाराकडे द्यावा. यात कमीपणा नाही.

दिवा पूर्ण बंद असेल तर आधी सॉकेट, टायमर आणि फ्यूज पाहावेत. लुकलुकत असेल तर ड्रायव्हरमधला फुगलेला कपॅसिटर शोधावा. नवा तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा आणि 105 अंश सेल्सियसचा घ्यावा. पावसाळ्यात, शिवाय ट्रेवर रोज पाणी फवारले जात असताना, कनेक्टरवर हिरवट गंज चढतो आणि बिघाड ड्रायव्हरचा वाटतो. एकच माळ गेली असेल तर दोष चिपमध्ये किंवा तुटलेल्या सोल्डरमध्ये असतो. प्लग काढलेल्या पट्टीवर 9 व्होल्टची बॅटरी आणि 1 किलोओहमचा रेझिस्टर घेऊन एकेक चिप तपासता येते. चांगली चिप मंद पेटते. 730 नॅनोमीटरच्या दूर-लाल चिप्स डोळ्यांना जेमतेम दिसतात. त्या गेल्या असे समजून काढू नयेत.

चिप बदलताना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उष्णता शोषून घेते, त्यामुळे 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्न थिटा पडतो आणि जोर लावला की तांब्याचा थर उखडतो. पट्टी हॉट प्लेटवर खालून तापवावी. 63/37 प्रमाणातले कथील-शिशाचे सोल्डर 183 अंशांना वितळते, मग चिप चिमट्याने अलगद उचलता येते. ध्रुव उलटे बसणार नाहीत हे पाहावे.

पहिली चिप का गेली, हा प्रश्न मात्र सोल्डरने सुटत नाही. वरच्या दिव्यात थर्मल पेस्ट वाळून तिची पूड झाली होती आणि हीट सिंकच्या पात्यांत धूळ व कोकोपीट बसले होते. रोज 16 तास जळणारा दिवा वर्षाला 5,840 तास जळतो. बैठकीच्या खोलीतल्या दिव्याचे नियम त्याला लावता येत नाहीत. जुनी पेस्ट खरवडून पातळ नवा थर द्यावा, सगळे स्क्रू सारखे आवळावेत.

पट्टी जोडताना ड्रायव्हर बंदच हवा. चालू ड्रायव्हरच्या मोकळ्या टोकांवर व्होल्टेज चढलेले असते आणि पट्टी टेकवताच करंटचा झटका नव्या चिप्स जाळतो. जुना ड्रायव्हरच बदलायचा असेल तर वॉट जुळवून भागत नाही. करंट आणि व्होल्टेजची मर्यादा, दोन्ही जुळली पाहिजेत. दुरुस्तीनंतर दिवा दरवेळी बंद करून मल्टिमीटर एकेका माळेत एकसर जोडावा आणि करंट मोजावा. वरच्या दिव्यात प्रत्येक माळेत 0.5 अँपिअरच्या जवळपास आकडा यायला हवा होता. तारेने जोडल्यानंतर तो एकदाही मोजला गेला नाही. सर्व माळांचे आकडे जुळेपर्यंत दिवा रोपांवर टांगू नये.