शेंगोळे फुटतात कशाने?

प्रश्न : सासूबाई हुलग्याचे शेंगोळे अंदाजाने करायच्या. मी केले की रश्शात फुटून पिठलं होतं. माप सांगाल का? – एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : ताई, हुलग्याच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते मुळातच ठिसूळ. २ वाट्या हुलग्याच्या पिठात पाव वाटी गव्हाचं पीठ घाला. लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून त्यातला निम्मा ठेचा, मीठ, हळद आणि चमचाभर तेल पिठात घाला. पाणी बेताबेतानेच घालत घट्ट मळा. पिठाची सुरळी तळव्यांमध्ये वळताना चिरा पडल्या, तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

पण फुटण्याचं खरं कारण बहुधा पाणी असतं. उरलेल्या ठेच्याची फोडणी करून ६ वाट्या पाणी खळखळा उकळू द्या. कोमट पाण्यात शेंगोळे विरघळतात. उकळत्या पाण्यात त्यांची वरची बाजू लगेच आवळते. थोडे-थोडे सोडा, उकळी मोडू देऊ नका, आणि पहिली ५ मिनिटं पळी अजिबात घालू नका. मग मंद आचेवर १५-२० मिनिटं शिजवा. एक मोडून बघा: मधे कोरडं पीठ दिसलं तर अजून शिजायचे आहेत. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओता, रस्सा दाटसर होतो.

हुलगे दळण्याआधी जरूर भाजा. कच्च्या पिठाचा उग्रपणा कितीही लसूण घातला तरी जात नाही. कमी पावसाच्या, हलक्या रानात येणारं हे कडधान्य आपल्या भागाचं आहे. ते चुलीवर टिकावं असं मनापासून वाटतं. वाढताना वरून कच्चं शेंगदाणा तेल घ्या.